हातघाईच्या अंतरावर रिव्हॉल्वर की पिस्तूल?

हँडगन घ्यायची म्हटलं की बहुतेकांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात, गोळ्या किती बसतात आणि नेम किती लांबवर लागतो. पण जीव वाचवायची वेळ येते तेव्हा समोरचा माणूस बऱ्याचदा हाताच्या अंतरावर असतो, कधी कधी तर पार अंगाला अंग भिडलेलं असतं, आणि तिथे या दोन्ही प्रश्नांना फारसा अर्थ उरत नाही. तिथे बघायचं ते एवढंच, गन बाहेर निघेल का, हातात राहील का आणि चाप ओढल्यावर उडेल का. म्हणून खालची तुलना फक्त याच अंतरासाठी आहे, रेंजवर टार्गेट मारायचं असेल तर हिशेब वेगळा.

आधी अंतराचं बोलतो, कारण इथेच लोकांचा अंदाज चुकतो. 1983 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी लिहिलं होतं की 21 फूट म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर चाकूवाला धडधाकट माणूस दीड सेकंदात कापतो, आणि सराव असलेल्याला गन काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आता हेच अंतर दोन हातांचं धरा. तुम्ही कमरेला हात घालेपर्यंत तो अंगावर आलेला असतो, म्हणजे पहिलं काम गनचं नाहीच, पहिलं काम रिकाम्या हाताचं, त्याचा वार अडवायचा, त्याला ढकलायचं, बाजूला सरकायचं, जमलं तर पळायचं.

आता पिस्तूल. याची मोठी अडचण मला ट्रेनिंगला प्रत्यक्ष बघायला मिळाली. ट्रेनरने मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढलं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, दोनदा तपासलं, आम्हालाही बघायला लावलं आणि मग नळीचं तोंड जाड पॅडवर दाबून धरलं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, जेमतेम काही मिलिमीटर मागे सरकली. त्याने चाप ओढला, काहीच झालं नाही. पॅडवरून गन उचलली, स्लाइड पुढे गेली, चाप ओढला आणि खट्ट आवाज आला. स्लाइड पूर्ण पुढे नसेल तर गन उडू नये अशी सोय बहुतेक पिस्तुलांत मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे, पण झटापटीत गन समोरच्याच्या अंगाला टेकली की हीच सोय आपल्या विरुद्ध जाते. (गनखाली लावायचा टॉर्च नळीच्या तोंडापुढे येत असेल तर दाब तो घेतो आणि ही अडचण बरीच कमी होते.) दुसरं म्हणजे कुणी वरून स्लाइड गच्च पकडली तर एक गोळी उडू शकते, पण रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि पुढची गोळी आत येत नाही, मग स्लाइड ओढायला दोन हात लागतात आणि एक हात तर आधीच चाकू अडवण्यात गुंतलेला असतो. याच कारणाने चेंबर रिकामं ठेवून पिस्तूल बाळगणं या अंतरावर जवळपास निरुपयोगी आहे.

रिव्हॉल्वरला स्लाइडच नाही. अंगाला टेकवून धरली तरी उडते, एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. घोडा, म्हणजे मागून आपटून गोळी उडवणारा भाग, आत झाकलेला असा छोटा रिव्हॉल्वर असेल तर कपड्यात अडकत नाही, जॅकेटच्या खिशातूनही चालतो, पिस्तूल तिथे पहिल्या गोळीनंतर बहुधा अडकेलच. पण हाही निर्धोक नाही हं! घोडा मागे ओढलेला नसताना समोरच्याने सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, घट्ट धरला तर तो फिरत नाही आणि चापही ओढला जात नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून जाळ बाहेर पडतो, तिथे स्वतःचं बोट असेल तर चांगलंच भाजतं. छोट्या रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या बहुतेक वेळा पाचच. आणि चाप जड, साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा, तर स्ट्रायकरवाल्या, म्हणजे घोड्याऐवजी आत स्प्रिंगवरची सुई असलेल्या, पिस्तुलाचा अडीच किलोच्या आसपास. हातात जोर कमी असेल तर हा फरक छोटा नाही, दुकानात एकदा ओढून बघितला की लगेच कळतं.

दोन्हीपैकी काहीही घ्या, धरायची पद्धत तीच. हात लांब करून गन पुढे केली की ती समोरच्याच्या हातात दिल्यासारखीच आहे. मनगट बरगडीला घट्ट चिकटवायचं, नळी थोडी बाहेरच्या बाजूला आणि खाली, दुसरा हात वर, डोकं आणि गळा झाकणारा. हा दुसरा हात नळीपुढे येऊ द्यायचा नाही, घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो आणि गोळी स्वतःच्याच तळहातातून जाते.

पेपर स्प्रेचं विचाराल तर बंद खोलीत तो आपल्याही डोळ्यात जातो आणि चवताळलेला माणूस थांबेलच असं नाही, पण त्यातली चूक निस्तरता येते, गोळीची येत नाही. ज्याच्या मनाची तयारी नाही त्याने स्प्रेच घ्यावा, त्यात कमीपणा कसला.

माझं मत विचाराल तर जो वर्षातून दोनदाच रेंजवर जाणार आहे आणि ज्याला तो जड चाप नीट ओढता येतो, त्याने झाकलेल्या घोड्याचा रिव्हॉल्वर घ्यावा. जो दर महिन्याला, तेही एका हाताने, अडकलेली गन सोडवायचा सराव करणार आहे त्याने पिस्तूल घ्यावं, त्याला गोळ्या जास्त मिळतात आणि चापही हलका मिळतो. पैसे मोजायच्या आधी ट्रेनरसमोर दोन्ही गन रिकाम्या करून घ्या, डावा हात कपाळाशी धरा, कुणाला तरी खांद्याला धरून ढकलायला सांगा आणि त्या धक्क्यात उजव्या हाताने होल्स्टरमधून काढून बघा. जी तीनदा काढताना एकदाही शर्टात अडकली नाही, ती घरी न्या.