मोंड्रियान ड्रेस घरी शिवला, हिवाळ्यापासून वापरतेय, त्याचा अनुभव

ड्रेस झकास झालाय आणि अजूनही हौसेने घालतेय, फक्त त्यातल्या पांढऱ्या रंगाने जीव नकोसा केलाय. आणि हो, यासाठी मोंड्रियान ड्रेसचा म्हणून वेगळा पॅटर्न विकत घेऊ नका. तुमच्या अंगाला नीट बसणाऱ्या साध्या शिफ्ट ड्रेसचा (कमरेला जोड नसलेला सरळ ड्रेस) पॅटर्न असेल तर सगळं त्यातूनच निघतं, कसं ते खाली लिहितेय, लांबलंय थोडं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेंच डिझायनर ईव्ह सां लॉराँने 1965 च्या हिवाळी कलेक्शनमध्ये डच चित्रकार पीट मोंड्रियानच्या चित्रांवरून काही ड्रेस केले, पांढऱ्यावर जाड काळ्या रेघा आणि मधे लाल, निळे, पिवळे चौकोन. फोटोत बघून वाटतं की छापील कापड आहे आणि दोन शिलाया मारून मोकळे झालेत. पण तो छापील नाहीच. वुलन जर्सीचा (विणलेलं, ताणलं जाणारं लोकरी कापड) आहे आणि प्रत्येक चौकोन, प्रत्येक काळी पट्टी हा वेगळा तुकडा कापून जोडलेला, आणि अंगाला जो आकार द्यावा लागतो तो सगळा त्या जोडांमध्ये लपवलाय. म्हणून टक्स (आकारासाठी कापड चिमटून मारलेल्या शिलाया) दिसत नाहीत आणि तरी ड्रेस समोरून कसा सपाट, सरळ पडतो. मला भुरळ पडली ती याची, रंग काय कुठेही मिळतात. व्होग पॅटर्न्सने तेव्हा त्याचा घरी शिवायचा पॅटर्नही काढला होता, पण त्या काळी एका पाकिटात एकच साइज यायची आणि आता तो अँटिक म्हणून विकतात, वर परदेशातलं शिपिंग, म्हणून तो नादच सोडला.

इथे इंदूरला आमच्या नेहमीच्या मास्टरजींना फोटो दाखवला तर ते म्हणाले "दीदी, छपा हुआ ले लो ना, इतना जोड़ कौन लगाएगा". शिलाईचा भाव पण असा सांगितला की घरीच शिवणं आलं.

मी वापरलेला शिफ्टचा पॅटर्न पीडीएफ आहे, बाजूने छातीचा एक टक्स, मागे दोन उभे टक्स आणि मागे चेन. कंपनीचं नाव घेत नाही कारण त्यांचा साइज चार्ट आणि प्रत्यक्ष माप यांचा फारसा संबंध नाही, छातीच्या मापाने साइज निवडली तर खांदे बाहेर लटकतात. खांद्याला बसेल ती साइज घ्या आणि छातीला जागा वाढवा, ते सोपं पडतं. दुसरं म्हणजे परदेशी पॅटर्न साधारण साडेपाच फुटी बाई धरून काढलेले असतात, मी पाच फूट एक इंच, तर नुसती खालून लांबी कापून काही होत नाही, कंबर येते सीटवर, म्हणजे नितंबांवर. मुंढ्याच्या मधोमध थोडं आणि कमरेच्या वर थोडं असं दोन ठिकाणी घडी घालून कमी करावं लागतं. आणि प्रिंट काढताना "फिट टू पेज" बंद आहे ना ते बघा, पानावर जो टेस्टचा चौकोन असतो तो पट्टीने मोजल्याशिवाय बाकीची पानं काढू देऊ नका. ए-फोरची पानं चिकटवत बसायचा कंटाळा असेल तर आर्किटेक्ट लोक जिथे मोठे नकाशे छापून घेतात तिथे एकाच कागदावर मिळतं.

आता मुख्य भाग. मांजरपाटाचा एक कच्चा ड्रेस शिवला, तो अंगात घातला आणि वहिनीने आरशासमोर उभं करून त्यावर इलेक्ट्रिशियनवाली काळी टेप चिकटवली. हे नक्की करा. टेबलावर कागदावर जी रेघ सुंदर दिसते ती अंगावर नेमकी पोटाच्या सगळ्यात फुगीर जागी येते. आम्ही एक आडवी पट्टी दोनदा वर-खाली केली आणि शेवटी कमरेच्या जरा वर ठेवली, वहिनी म्हणे आता कुठे उंच वाटतेस. मग टेपच्या कडेने पेनने रेघा मारून कच्चा ड्रेस उसवला आणि त्या रेघा कागदावर घेतल्या. पुढचा भाग पूर्ण काढायचा, अर्धा काढून घडीवर कापायची सवय इथे चालत नाही कारण डावं-उजवं सारखं नाहीये. प्रत्येक तुकड्यावर नंबर, उभ्या धाग्याचा बाण आणि सुलटी बाजू कुठली ते लिहा.

टक्स लपवायची युक्ती अशी की वरची आडवी पट्टी छातीच्या टोकावरून किंवा त्याच्या अगदी जवळून जाऊ द्यायची. बाजूचा टक्स कागदावर मिटवला की तेवढी पाचर त्या आडव्या रेघेत उघडते, म्हणजे तेवढा कागद आता जोडातून वजा करायचा. पण तो पट्टीतून कापायचा नाही! पट्टी सगळीकडे एकाच रुंदीची दिसली पाहिजे, नाहीतर चित्र बिघडलं. वजाबाकी सगळी खालच्या रंगाच्या तुकड्यातून, त्याची वरची कड हलकी वळणदार होते, पट्टी सरळच राहते आणि शिवताना त्या वळणावर बसवायची, केसमेंटसारखं सुती कापड तेवढं ऐकतं. मागचे दोन उभे टक्स मात्र मी तसेच ठेवले, मागे कोण बघतंय.

मायेचा, म्हणजे शिलाईच्या आत राहणाऱ्या जास्तीच्या कापडाचा, हिशोब नीट करा. पॅटर्नमध्ये दीड सेंटीमीटर माया धरलेली होती, ती आधी काढून टाकली, मग शिलाईच्या रेघेवर तुकडे कापले आणि प्रत्येक नव्या कडेला एक सेंटीमीटर माया दिली. काळी पट्टी शिवून झाल्यावर तीन सेंटीमीटर दिसायला हवी म्हणून कापताना पाच. कारण असं की सगळी माया इस्त्रीने काळ्या पट्टीकडे वळवायची, पांढऱ्याकडे वळवली तर आतून काळं दिसतं, आणि एक-एक सेंटीमीटर दोन्हीकडून आत गेलं तरी तीनच्या पट्टीखाली ते एकमेकांवर चढत नाही. दीडची माया ठेवली असती तर मधोमध दोरीसारखा उंचवटा आला असता. आडव्या तीन पट्ट्या म्हणजे सहा जोड, प्रत्येकात एक मिलीमीटर इकडे-तिकडे झालं तरी शेवटी सहा मिलीमीटर, आणि मग पुढच्या रेघा बाजूच्या शिलाईत मागच्या रेघांना भेटतच नाहीत. म्हणून बाजू जुळवताना आधी पट्ट्यांच्या जागी टाचण्या, मग धावदोरा, मग मशीन.

कापड. वुलन जर्सी इंदूरच्या उन्हात कोण घालणार, म्हणून सुती केसमेंट घेतलं, जरा जाड, अंगाला चिकटत नाही आणि सगळे रंग एकाच क्वालिटीत मिळतात. हे महत्त्वाचं आहे, पांढरं एका जातीचं आणि लाल दुसऱ्या जातीचं घेतलं तर धुतल्यावर एक आक्रसतं, दुसरं नाही, आणि सगळे जोड चुण्या घालून बसतात. मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू रुबिया रंगांना मस्त आहे पण पातळ, ब्लाउजलाच बरं. एमटी क्लॉथ मार्केटला काळं-पांढरं मिळालं, रंगांसाठी शीतलामाता बाजारात फिरले. एका दुकानातलं लाल "पक्का है, गारंटी" म्हणून दिलं आणि घरी येऊन ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून गरम इस्त्री फिरवली तर चिंधी गुलाबी, परत करायला गेले तर कटपीस परत होत नाही म्हणे. ही चिंधीची टेस्ट दुकानातून छोटा नमुना मागून आधीच करून घ्या. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, रंगवून आलेल्या सुती कापडाला त्याने भरवशाचं काही होत नाही, जे सुटायचं ते सुटतंच. नंतर दुसऱ्या दुकानातलं लाल घेतलं. सगळं कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं.

खर्च अस्तर, चेन, दोरा धरून दीड हजाराच्या आत, वाया गेलेलं लाल सोडून.

वापरून काय वाटलं ते आता. बसणी एकदम छान, शेजारच्या काकूंनी पण विचारलं की कुठल्या बुटीकचा. जोड एकही उसवला नाही, आतून सगळीकडे अस्तर असल्यामुळे ओव्हरलॉकशिवाय (कडांचे धागे निघू नयेत म्हणून मारतात ती शिलाई) भागलं. लाल अजून कुठेही उतरलेलं नाही, तरी मी थंड पाण्यात वेगळाच धुते आणि पिळून कधीच ठेवत नाही, लगेच झटकून उलटा करून सावलीत. पण काळं विटतंय. बोरिंगच्या जड पाण्याने असेल किंवा गच्चीवर सुरुवातीला ऊन लागलं त्याने असेल, खांद्याजवळची पट्टी राखाडीकडे झुकलीय, खालची अजून काळीभोर आहे आणि हा फरक उजेडात दिसतो. पांढरं म्हणजे रोजची कटकट, स्कूटीवरून गेलं की खालच्या पांढऱ्या चौकोनावर हमखास काहीतरी उडतं. पिवळ्यावर वरणाचा थेंब पडला तर मात्र कोणाला कळत नाही, तेवढा फायदा. रंगपंचमीच्या गेरच्या (इथली रंग उडवत जाणारी मिरवणूक) दिवशी हा ड्रेस राजवाड्याच्या आसपासही नेऊ नये हे सांगायची गरज नाही.

स्कूटीवर बसताना सरळ ड्रेस वर चढतो म्हणून मी लांबी गुडघ्याखाली घेतली आणि मागे चीर ठेवली, मूळ ड्रेसपासून हा एक बदल. दुसरा म्हणजे खिसा, आडव्या काळ्या पट्टीच्या खालच्या जोडात तोंड ठेवलंय, फोन बसतो आणि बाहेरून अजिबात कळत नाही. केसमेंटला मांडीवर घड्या फार पडतात, दिवसभर ऑफिसात बसून उठलं की इस्त्री केली होती यावर विश्वास बसत नाही. जर्सीला हा त्रास नसणार, तिथे मूळ ड्रेस पुढे आहे.

आता मावसबहिणीला माझं बघून डिझायनर डायेन व्हॉन फर्स्टेनबर्गचा 1974 चा रॅप ड्रेस (पुढे एकावर एक घेऊन कमरेला बांधायचा) हवाय आणि तोही घरात पडलेल्या माहेश्वरी साडीचा. तिला म्हटलं तो जर्सीचा आहे, ताणला जातो म्हणून अंगाशी राहतो, ताणकापडाचा पॅटर्न न ताणणाऱ्या साडीवर ठेवला तर मुंढा काचणार आणि पुढचा गळा प्रत्येक वाकण्याला उघडणार. साध्या कापडासाठी काढलेला रॅपचा पॅटर्न घे, गळ्याची कड उरेब, म्हणजे तिरकी कापलेली असते ती कापल्या कापल्या पट्टी लावून बांध, आतून एक टिचबटण लाव, मग बघू. साडी अजून कपाटातच आहे, आधी मांजरपाट आणायला सांगितलंय.