अंतरा कुणाला येतो? मंडळाच्या एका रात्रीसाठी जुनी गाणी की नवी

यंदा आमच्या गल्लीच्या मंडळात वर्गणीवरून वाद झाला नाही, गाण्यांवरून झाला. गणेशोत्सवात एक रात्र गाण्याच्या कार्यक्रमाला ठेवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढं दोन तट पडले. थोरल्यांचं म्हणणं, भावगीतं, नाट्यगीतं, जुनी सिनेमाची गाणी घेऊ. पोरं म्हणाली, ती ऐकायला खुर्चीवर बसणार कोण, गेल्या दहा-पंधरा वर्षांतलीच गाणी घ्या. मी बेळगावच्या शहापुरात तीस वर्षं पेटी वाजवतोय, मधली काही वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर होतो, आता मुलांना गाणं शिकवतो. म्हणून दोन्ही बाजूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आठवडाभर जो विचार केला तो इथं मांडतो, कारण येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही मंडळापुढं हाच प्रश्न असणार.

आधी थोरल्यांसाठी एक. ‘आता तशी गाणी होत नाहीत’ असं आपण म्हणतो तेव्हा एका पारड्यात तीस-चाळीस वर्षांतली निवडून उरलेली पन्नास गाणी टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात या महिन्यात कानावर पडलेलं सगळं. माझ्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतल्या गाण्यांच्या वह्या अजून कपाटात आहेत. परवा चाळल्या. त्यातल्या निम्म्या गाण्यांची चाल मला आठवेना. ती गाणी त्या वर्षी रोज रात्री मागणीनं वाजत होती. तेव्हा काळाची चाळणी लागलेलं आणि न लागलेलं एकाच मापानं मोजणं बरोबर नाही.

तरीही जुन्या गाण्यांची जी पकड होती ती खरीच होती. ती कशानं आली हे नीट बघायला हवं. गीतरामायण घ्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात छप्पन्न. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. एप्रिल १९५६ मध्ये मालिका संपली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. माझी आजी त्या काळातलं काही सांगायची तर ‘रामायण लागत होतं त्या साली’ असंच म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गल्लीत रेडिओ एकच. पण वीस-बावीस गीतं तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत यायची, कडव्यांचा क्रमसुद्धा न चुकता. एक गाणं ऐकायचं आणि पुढचं येईपर्यंत सात दिवस तेच तोंडात घोळवायचं. शेजारणीला एक कडवं आठवायचं, हिला दुसरं, आणि पाण्याच्या नळावर गाणं पुरं व्हायचं. गाणं उत्तम होतंच, पण ते असं मुरायला वेळही मिळत होता.

आता त्याच्यासमोर ‘सैराट’ ठेवा. २९ एप्रिल २०१६ ला सिनेमा आला. चार गाणी, अजय-अतुलची. त्यातला वाद्यवृंद अमेरिकेत लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला, आणि शब्द मात्र शिवारात बोलतात तसले. आमच्या खानापूर, चिकोडीकडच्या पोरांना वर्गात ज्या बोलीबद्दल टोकलं जातं, तसली बोली इतक्या थाटात त्यांनी आधी ऐकली नव्हती. पसरण्याच्या बाबतीत म्हणाल तर गीतरामायणाला वर्ष लागलं, याला पंधरवडा लागला नाही. पुढच्याच वर्षी कानडीत त्याच कथेवर, त्याच संगीतकारांचा ‘मनसु मल्लिगे’ आला, २०१८ मध्ये हिंदी आला. पण त्याच्या आधीच कानडी घरच्या वरातीत ‘झिंगाट’ची फर्माईश होताना मी स्वतः पाहिलंय. नवरदेवाच्या मामाला मराठी समजत नव्हतं, आणि अंतऱ्याला मात्र शब्दाला शब्द लावत तो नाचत होता. प्रभाव याहून वेगळा काय असतो? म्हणून ‘नव्या गाण्यात दम नाही’ हे मी मान्य करणार नाही.

मग पोरांचंच खरं का? इथं मला आमच्या तालमीतला एक प्रसंग सांगावासा वाटतो.

नववीतली एक मुलगी कार्यक्रमात गाणार म्हणून आली. गळा स्वच्छ, सूर पक्का. तिनं २०२४ मध्ये गाजलेलं संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ म्हटलं. धृपद झकास झालं आणि ती थांबली. मी पेटीवर पुढची सुरावट धरून वाट बघितली.

“पुढं?”

“सर, एवढंच असतंय की.”

मी मोबाईलवर पूर्ण गाणं लावलं. ती खरंच चकित झाली. दोन वर्षं रोज ऐकलेल्या गाण्याला अंतरा आहे हे तिला माहीत नव्हतं. मग म्हणाली, “गाणं चांगलं आहे सर, खरं आम्हाला रीलमध्ये तेवढंच येतंय.” मी तिला म्हटलं, अजून काय येतं? तिनं ‘याड लागलं’ म्हटलं, सगळं, दोन्ही अंतऱ्यांसकट. ते गाणं आलं तेव्हा ही जेमतेम अंगणवाडीत असेल. थोरल्या भावाकडून शिकली. आणि त्यानंतर आजोबांकडून ऐकलेला काकड्याचा एक अभंगही तिनं पुरा म्हटला.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की रेघ जुन्या आणि नव्या गाण्यांत पडलेलीच नाही. ती २०१६ आणि २०२४ च्या मधे कुठंतरी पडलीय. ‘सैराट’ आला तेव्हा स्वस्त इंटरनेट आलं नव्हतं. जिओ सुरू झालं त्याच वर्षी सप्टेंबरात. तोवर आपल्याकडं पोरं मोबाईलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची. कार्डात मावतील तेवढीच गाणी, आणि पुढचे दोन-तीन महिने तीच. ट्रॅक्टरवर तीच, रानात पाणी सोडताना तीच, एसटीत तीच. म्हणजे आजीचा आठवडा आणि पोरांचं मेमरी कार्ड, दोन्हींनी काम एकच केलं. पुरं गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला लावलं. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामनं रील आणलं, आणि गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा हेच गाणं झालं. त्यात संगीतकाराचा दोष नाही. अंतरा तो आजही मनापासूनच बांधतो.

रीलचं दुसरं अंगही सांगायला पाहिजे. २०२४ च्या सुरुवातीला ‘करिमणि मालिक नीनल्ल’ ही कानडी ओळ अख्ख्या कर्नाटकात पोरांच्या तोंडी होती. ती १९९९ च्या ‘उपेंद्र’ सिनेमातली. पंचवीस वर्षांपूर्वीचं गाणं नव्या साधनानं उठवलं, आणि आमच्या गल्लीतली मराठी पोरंही ते म्हणत होती. म्हणजे नवं साधन जुन्याला मारतंच असं नाही. पण तिथंही ओळ सगळ्यांना येते, गाणं कुणाला येतं ते विचारा.

आता या भागापुरतं एक माप मी वेगळं लावतो. आपण दोन भाषांच्या मधे राहतो. चाली इकडून तिकडं जाणं हा आपला जुना व्यवहार आहे. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ झालं, आणि मराठी रंगभूमीवरच्या त्या काळच्या पदांत कानडी चाली भरपूर आहेत. भीमसेनजींच्या एकाच गळ्यातून तुकोबांचा अभंगही आला आणि पुरंदरदासांचं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ही. या मापाला आजची गाणी उतरतात का?

एक उतरतं, आणि पुरतं उतरतं. ‘जोगवा’. जोगत्या-जोगतिणींच्या जिण्यावरचा हा सिनेमा, आणि त्यांची यल्लम्मा आपल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची. २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीताचा अजय-अतुलना, आणि ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही मिळाला. पण मी पुरस्कारावर जात नाही. काही वर्षांपूर्वी माघी पौर्णिमेला डोंगरावर गेलो होतो. गाड्या सोडल्या होत्या तिथं, चुलीच्या धुरात एक म्हातारी जोगतीण काखेत चौंडकं धरून तार खेचत बसली होती. कोल्हापूरकडच्या एका पोरानं तिला ‘लल्लाटी भंडार’ म्हणायला सांगितलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं तार जरा सैल केली, लय निम्म्यावर आणली आणि म्हणायला लागली. मधे दोन कडवी तिची स्वतःची घातली, कानडीत. झाल्यावर मी विचारलं, हे सिनेमातलं कुठं शिकलात? ती म्हणाली, “आमचंच हाय की ते.” ज्या मातीतून चाल उचलली तिथंच ती परत जाऊन रुजली. जुन्या दशकांतल्या किती सिनेमागीतांना हे जमलं, मला सांगा.

आणखी एका बाबतीत आजचा काळ सरळ पुढं आहे. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. लहान वयात शिकायला मुंबईला देवधर मास्तरांकडं जावं लागलं. शिकण्याचं सोडा, नुसतं गाणं लोकांपर्यंत पोचवायचं तरी बेळगावच्या माणसाला पुणे, मुंबई नाहीतर धारवाड गाठावं लागायचं, आणि आकाशवाणीच्या चाचणीत बसला नाही तर विषय संपला. आज गोकाक, अथणीकडचे जनपद म्हणजे कानडी लोकगीतं गाणारे घरात रेकॉर्ड करतात आणि यूट्यूबवर टाकतात. त्यांची गाणी ट्रॅक्टरवर मोठ्यानं लागतात म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ती ऐकताना बरं वाटतं. रेडिओनं ज्यांना कधी आत घेतलं नसतं असे आवाज आहेत ते.

आता निवडीच्या कामाचं. गाणं आवडणं वेगळं, मंचावर उभं राहणं वेगळं.

अजय गोगावलेंनी स्वतः म्हटलेली गाणी फार वरच्या पट्टीतली असतात. आपल्याकडच्या पोराला साधारण पेटीवरची काळी एक-दोन ही पट्टी सोसते. मूळ पट्टीत गेला की दुसऱ्या अंतऱ्याला आवाज फाटतो. पट्टी खाली आणा, गाण्याचा नूर थोडा उतरेल, पण श्रोते बरोबरीनं म्हणू शकतील. अरुण दाते यांचं ‘शुक्रतारा’ सारखं भावगीत मुळातच मधल्या सप्तकात फिरतं, त्यामुळं तिसऱ्या रांगेतला माणूसही गुणगुणतो. जुन्या गाण्याला पेटी, तबला, बासरी आणि एखादं व्हायोलिन मिळालं की ते उभं राहतं. नव्या गाण्यात थरावर थर असतात, म्हणून मंडळं ट्रॅक, म्हणजे नुसत्या वाद्यांचं तयार ध्वनिमुद्रण, लावून गातात. ट्रॅकवर गायक अडकतो, लोकांनी ‘पुन्हा’ म्हटलं तरी मागं वळता येत नाही. मी ट्रॅक नको म्हणेन. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असतील तर ‘सैराट’, ‘नटरंग’, ‘जोगवा’ तिन्हींमधली गाणी निभावतात. आणि वेळ: परवानगीत खास सवलत नसेल तर रात्री दहाला भोंगा बंद करावाच लागतो. सातला सुरू केलं तर निवेदन, सत्कार धरून फार तर अठरा गाणी होतात. त्यात सत्कार कमी करा, ही माझी हात जोडून विनंती.

तेव्हा माझं मत असं. कार्यक्रमाचे ‘जुनं’ आणि ‘नवं’ असे दोन भाग पाडू नका. तसं केलं की पहिल्या भागाला पोरं बाहेर उभी राहतात आणि दुसऱ्या भागाला थोरले घरी जातात. यादी करायला बसाल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, प्रत्येक गाणं बसल्या जागी तोंडी म्हणा. ज्याचा अंतरा खोलीतल्या निम्म्या माणसांना येतो ते घ्या, मग ते १९५५ चं असो की २०१६ चं. भीमसेनजींचा अभंग आणि दासांचं पद एकापाठोपाठ ठेवा, आपल्या गल्लीत दोन्ही घरं आहेत. आमच्या यादीत या रीतीनं जुनी दहा आली, २००८ नंतरची सात. गेल्या चार-पाच वर्षांतलं एकही बसेना, याचं मला वाईट वाटलं, कारण त्यात चांगली गाणी आहेत.

अठरावी जागा म्हणून मोकळी ठेवलीय. त्या नववीतल्या मुलीला ‘गुलाबी साडी’ पुरं बसवायला सांगितलंय. तिनं दोन्ही अंतरे वहीत उतरवून घेतलेत, आणि काल तिच्या धाकट्या बहिणीला शिकवत होती. गुरुवारी तालीम आहे.