सेटएफॲटर: फाईलीला चिकटलेली माहिती काढायचं टूल, पाचपैकी साडेतीन

नारायण पेठेत आमचं छोटं डीटीपी ऑफिस आहे, सगळं काम लिनक्सवर, आणि गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाईकाचे फोटो हार्डडिस्कवर भरून द्यायचे होते तेव्हा सेटएफॲटर (setfattr) हे लिनक्सचं टूल खऱ्या अर्थाने वापरलं. फोटो पूर्वी वगेटने (नेटवरून फाईली उतरवायची कमांड) उतरवलेले, आणि 1.20.1 च्या आधीचं वगेट फाईल जिथून आली ती लिंक त्या फाईलीलाच चिकटवून ठेवायचं, लिंकमधे युजरनेम-पासवर्ड असेल तर तोही! ऑफिसातला मुलगा म्हणाला, "सर, एलएस मधे (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) तर काहीच दिसत नाही." नाहीच दिसत. गेटएफॲटर -डी (चिकटलेली माहिती दाखवणारं जोडीचं टूल) मारलं आणि पासवर्ड सरळ समोर, अंगावर काटाच आला.

काढायला सेटएफॲटर -एक्स आणि पुढे ॲट्रिब्यूटचं, म्हणजे त्या चिकटलेल्या माहितीचं नाव, बास. आतून ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रिमूव्हएक्सॲटर कॉललाच हाक मारतं, फोटोच्या मजकुराला हातही लागत नाही, हे मला फार आवडलं.

पण एका वेळी एकच नाव काढता येतं, सगळं पुसायचा पर्याय नाही, आणि गेटएफॲटरला फोल्डरच्या आत शिरायचं -आर आहे ते सेटएफॲटरला नाही, मग फाइंडला (फोल्डरमधली एकेक फाईल शोधून देणारी कमांड) जुंपावं लागतं. पार्टनरच्या मॅकवर एक्सॲटर -सीआर मारलं की अख्खा फोल्डर साफ होतो, तसं इथे हवं होतं. (मॅकवर मात्र अनोळखी ॲपला लागलेला क्वारंटाईनचा शिक्का असा काढू नका, तो तपासणीसाठीच असतो.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलीकडे नुसतं बोट दाखवणारी फाईल. आम्ही बिल नंबर पण युजर.बिल म्हणून फाईलीला लावतो, तो गिऱ्हाईकाकडे जायला नको म्हणून द्यायच्या फोल्डरवर फाइंड चालवलं, त्यात काही फाईली आमच्या मास्टरकडे, म्हणजे मूळ फाईलीकडे, बोट दाखवणाऱ्या अशाच लिंका होत्या आणि टूल मुळात लिंकच्या मागे जातं, त्यामुळे मास्टरवरचेच नंबर उडाले. -एच दिलं असतं तर लिंकच्या मागे न जाणारा एलरिमूव्हएक्सॲटर कॉल वापरला गेला असता आणि मास्टर वाचले असते. नशीब आदल्या दिवशी गेटएफॲटरचा डंप (सगळ्या ॲट्रिब्यूटची नोंद) काढून ठेवला होता, सेटएफॲटर --रिस्टोरने पाच मिनिटांत परत आले. डंपशिवाय हात लावूच नका.

नंतर मी पायथॉनमधे ओएस.लिस्टएक्सॲटर आणि ओएस.रिमूव्हएक्सॲटर घेऊन दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, फॉलो-सिमलिंक्स फॉल्स (लिंकच्या मागे जायचं नाही), आणि फक्त युजर. ने सुरू होणारी नावंच काढायची, सिक्युरिटी. ने सुरू होणाऱ्या सिस्टीमच्या नावांना हात नाही. आधीच काढलेलं असेल तर "नो डेटा अव्हेलेबल" म्हणून एरर येते, म्हणजे असं ॲट्रिब्यूट नाही, घाबरायचं काही नाही, ती पकडून पुढे जायचं. एक्सफॅट पेनड्राईव्हवर कॉपी केलं की हे सगळं आपोआप गळून पडतं, पण आमची डिस्क एक्स्ट4 (लिनक्सची फाईल ठेवायची पद्धत) होती आणि सीपी -ए या कॉपीच्या कमांडने सगळं जसंच्या तसं बरोबर गेलं असतं.

पासवर्ड मात्र त्याच दुपारी गिऱ्हाईकाला फोन करून बदलायला लावला, जुन्या बॅकअपच्या किती कॉप्या कुठे फिरतायत कोणाला माहीत.