‘हालेलुया’पेक्षा मेंढरं भारी

गुड फ्रायडेच्या सुमारास लंडनला मुलांकडे असाल, तर ती दुपार रॉयल अल्बर्ट हॉलसाठी राखून ठेवा. रॉयल कोरल सोसायटी १८७६ पासून याच दिवशी इथे संगीतकार हँडेलचा ‘मसाया’ गाते, म्हणजे येशू ख्रिस्तावरची तीन भागांची मोठी गायनरचना. खंड पडला तो महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आणि कोविडात. गाणारे शंभराहून जास्त, सगळे हौशी. शालेय समूहगान स्पर्धांची परीक्षक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. हौशी म्हटलं की हात आपोआप दोन गुण कापायला जातो. इथे तशी संधीच मिळाली नाही.

जावईबापूंनी तिकिटं वरच्या सर्कलची काढली होती. तिथून छताला टांगलेल्या, अळंब्यांसारख्या मोठाल्या तबकड्या नीट दिसतात. प्रतिध्वनी मोडायला त्या १९६९ साली लावल्या. त्याआधी म्हणे संगीतकाराला आपली रचना इथे हमखास दोनदा ऐकायला मिळायची!

त्यातल्या ‘हालेलुया’ या समूहगीताला रिवाजाप्रमाणे सगळं सभागृह उभं राहिलं. काटा आला, नाही म्हणत नाही. पण ती रचनाच अशी की बऱ्यापैकी गायली तरी टाळी घेते. वृंदाची खरी परीक्षा त्याआधी, ‘ऑल वी लाइक शीप’मध्ये. माणसं मेंढरांसारखी वाट चुकली, एवढाच आशय. हँडेल ती मेंढरं सुरांतच उधळून देतो. सोप्रानो (बायकांचे उंच आवाज) एकीकडे, बास (पुरुषांचे खर्जातले आवाज) भलतीकडे, छोट्या ताना गिरक्या घेत पळतात. ऐकताना हसू येतं. पुरुषांनी त्या ताना इतक्या हलक्या आणि दाणेदार घेतल्या की एवढा जमाव गातोय हे विसरायला झालं. आणि शेवटच्या काही ओळींत लय एकदम विलंबित, गंधार कोमल, आणि या सगळ्यांच्या पापाचा भार त्या एकट्या येशूवर पडला, हे शब्द. हसू ओठातच राहिलं. शंभर जणांनी आवाज आत ओढला, पण सूर तसूभर ढळला नाही. बारीक आवाजात सूर धरून ठेवणं किती अवघड, ते गाणाऱ्यालाच विचारा.

शुद्धतावादी म्हणतील, हँडेलला एवढा मोठा वृंद अभिप्रेतच नव्हता. खरंय, १७४२ साली डब्लिनच्या पहिल्या प्रयोगात मोजकीच मंडळी गायली होती. (त्या कमाईतून कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेले १४२ जण सुटले.) पण मेंढरं ऐकल्यावर मला तरी हा वाद घालावासा वाटत नाही.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून चालत जाता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर वरचं तिकीट नको. गाण्याच्या शब्दांवरून आधी नजर फिरवून जा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. आणि ‘हालेलुया’ झालं म्हणजे संपलं असं समजून पर्स आवरायला घेऊ नका. तिसरा भाग बाकी असतो, आणि बास गायक व ट्रम्पेटची जुगलबंदी त्यातच आहे.