झिगझॅग कात्री की इंटरलॉक: गोधडी शिवणाऱ्यांसाठी

कापडाच्या कडेचे सूत सुटू नये म्हणून दोन उपाय बहुतेकांच्या हाताशी असतात: कड झिगझॅग, म्हणजे दातेरी पात्यांच्या, कात्रीने कापणे किंवा तिला इंटरलॉक मारणे, म्हणजे मशीनवर कडेभोवती धाग्यांची वेटोळी घालणे. नुसते कपडे शिवणाऱ्याला यावर फार विचार करावा लागत नाही. जुन्या लुगड्यांचे आणि उरलेल्या सुती तुकड्यांचे चौकोन जोडून गोधडी करणाऱ्याला मात्र करावा लागतो, आणि मी दोन्ही प्रकारांनी गोधड्या शिवल्या असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. अमळनेर तालुक्यातील आमच्या दुकानात वर्षभर ब्लाऊज आणि सदरे शिवले जातात. लग्नसराई ओसरली की गोधड्यांचे काम सुरू होते. चौकोन मी मशीनवर जोडतो आणि धावदोरा माझी पत्नी हाताने घालते. या वाटणीचा माझ्या मतावर परिणाम झाला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी इंटरलॉकच घ्यावे. टू बाय टू रुबियाचा ब्लाऊज किंवा शाळेचा गणवेश नुसत्या झिगझॅग कडेवर सोडण्याचे धाडस मी करणार नाही, कारण कात्री सुताला आळा घालते, बांधून ठेवत नाही. सरळ कापलेल्या कडेला समांतर जाणारा धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड असतो आणि एकदा निघू लागला की पूर्ण निघतो. दातेरी कापात तोच धागा ठिकठिकाणी तिरका तुटलेला असतो, म्हणून जे सुटते ते एका दाताच्या लांबीइतकेच सुटते. अस्तराच्या ब्लाऊजचा गोल गळा मात्र मी कात्रीनेच सोडवतो. शिवण मारल्यावर गोलाईवरची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, झिगझॅगने छाटली, तर वेगळे कट द्यावे लागत नाहीत आणि उलटवल्यावर गळा सपाट बसतो. पातळ रेशमी कापडावर इस्त्री फिरवली की इंटरलॉकची कड समोरून उमटते. तेथेही कात्री उजवी ठरते.

आता गोधडीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मी पाच फूट बाय सात फुटांची एक गोधडी सहा इंची चौकोनांची केली आणि ती जास्त टिकावी या हेतूने प्रत्येक जोडाला इंटरलॉक मारून घेतले. काम देखणे झाले होते. खाली जुनी लुगडी अंथरून पत्नीने कडेपासून धावदोरा घालायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावून मधले बोट दाखवले. पेरावर सुईच्या मागच्या टोकाने पाडलेला खड्डा होता. “आठे सुई जात नही,” म्हणजे इथे सुई जात नाही, एवढेच ती म्हणाली. मी स्वतः सुई हातात घेऊन पाहिली. चौकोनाच्या मध्यावर ती सहज धावत होती, जोडाजवळ येताच अडत होती आणि जेथे चार कोपरे एकत्र येतात तेथे ती पकडीने ओढून काढावी लागत होती. चार पदरी मायेवर तीन-तीन पॉलिस्टर धाग्यांची वेटोळी बसलेली होती आणि इस्त्रीने ती दाबली जाऊन आणखी कडक झाली होती. दहा ओळी आणि चौदा ओळींच्या त्या गोधडीत असे कोपरे 117 होते. तिचा एरवी तांदळाच्या दाण्यासारखा एकसारखा पडणारा टाका प्रत्येक जोडापाशी लांबट झाला, आणि तो आजही दिसतो.

पुढची गोधडी मी झिगझॅग कात्रीने केली. सुई कोठेही थबकली नाही, जोडांवर हात फिरवला तर उंचवटा लागला नाही, आणि तीन उन्हाळे गच्चीवर अंथरून, दर वर्षी दगडावर धुऊनही तिची एकही शिवण उसवलेली नाही. एका गोधडीवरून नियम करू नये, हे मला मान्य आहे. शिवाय गोधडीतील कडा दोन थरांच्या आत झाकलेल्या असतात, त्यांना कपड्याच्या कडेसारखा सततचा घासा लागत नाही. कात्रीला तेवढी सवलत आपोआप मिळते.

एक चूक मात्र मी केली होती, ती तुम्ही टाळावी. पहिल्या काही चौकोनांना मी पाव इंच माया ठेवली आणि नंतर ती दात्यांनी छाटली. दाते स्वतःच त्यातला बराच भाग खातात, त्यामुळे विरळ झालेल्या लुगड्याचे सूत टाक्यापर्यंत आले. आता मी अर्धा इंच माया धरतो, आधी शिवण मारतो आणि मगच कडेवरून अगदी थोडे छाटतो. चौकोन स्वतः या कात्रीने कापू नयेत, कारण माप दाताच्या टोकापासून घ्यायचे की खाचेपासून, याचा गोंधळ होतो आणि ओळी सरकतात. तयार दातेरी चौकोन आणले असतील, तर दोन्हींपैकी एक धरून शेवटपर्यंत तेच पाळावे.

कात्रीचे दोषही सांगायला हवेत. ती जड असते. तासाभरात अंगठा दुखू लागतो. दुसरी अडचण धारेची आहे. 1893 मध्ये अमेरिकेत लुईस ऑस्टिन यांना अशा कात्रीचे पेटंट मिळाले. पूर्वी असे दाते लोखंडी ठशावर हातोडा मारून कापडात पाडत असत. दोन्ही पात्यांचे दाते एकमेकांत तंतोतंत बसले, तरच ही कात्री कापते, म्हणून सायकलवर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर ती कधीही देऊ नये. दाते एकदा बोथट घासले गेले की ती गेलीच. कागद कापायला तर घरात कोणाच्याही हाती देऊ नये. इंटरलॉकला हा त्रास नाही, पण त्याला वीज लागते, आणि आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या गोधड्यांच्या दिवसांत, ती वारंवार जाते.

ज्यांची गोधडी पूर्णपणे मशीनवर शिवली जाणार आहे, त्यांनी इंटरलॉक निवडले तर मी हरकत घेणार नाही. मशीनची सुई त्या गाठींमधून पार जाते. धावदोरा हाताने घालायचा असेल, तर माझ्या मते कात्री घ्यावी. घेताना दुकानात मलमलीचा एकच पदर मागून घ्यावा आणि पाती पूर्ण उघडून टोकापर्यंत एका दमात कापून पाहावा. शेवटचे दोन दाते कापड चावत असतील, तर ती कात्री परत ठेवून दुसरी मागावी.