पाच वर्षांची डायरी घ्यावी का? माझा रिव्ह्यू

एका तारखेला एकच पान आणि त्या पानावर एकाखाली एक पाच वर्षांचे पाच कप्पे, अशी जी जाडजूड डायरी मिळते ना, तिच्याबद्दल लिहितेय. कंपनी कुठलीही असली तरी रचना साधारण हीच असते, वर्ष आपल्या हाताने भरायचं. माझी निम्म्याच्या पुढे गेलीये त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

विकणारे हिला "गोड आठवणींचा खजिना" वगैरे म्हणतात. खजिना बिजिना काही नाही हो. ही आपल्याच डोक्याच्या विरोधात उभी राहणारी साक्षीदार आहे, आणि म्हणूनच घेण्यासारखी आहे.

कारण आपला समज असा असतो की झालेल्या गोष्टीचं रेकॉर्डिंग आत कुठेतरी पडून असतं, आठवलं की प्ले होतं. तसं नसतं. आठवताना मेंदू हाती लागतील ते तुकडे गोळा करून प्रसंग नव्याने रचतो, मधल्या फटी अंदाजाने बुजवतो, नंतर कुणाकडून ऐकलेलं त्यात मिसळतो, आज जे पटतंय तेही मिसळतो, आणि खरं कुठलं नि भरताड कुठलं ते आपल्याला कळूच देत नाही. त्यामुळे जो किस्सा आपण दर वेळी रंगवून सांगतो तो सगळ्यात पक्का असेलच असं नाही, उलट त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त हात फिरलेला असतो.

याचा माझा आवडता पुरावा अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताचा. २८ जानेवारी १९८६ ला ते यान कोसळलं, दुसऱ्याच दिवशी सकाळी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच परत विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं साफ बदललेली, आणि खात्री मात्र भरपूर! स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळची आठवण काही परत आली नाही. म्हणजे "मला अगदी डोळ्यासमोर दिसतंय" या वाक्याला काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आता डायरीवर येते. हिची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे छापलेली तारीख. ऐकायला फालतू वाटेल. पण विलेम वाखेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोज स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग लिहून ठेवले, सुमारे २४००, आणि मग स्वतःचीच परीक्षा घेतली: कोण, काय, कुठे, कधी यातला एकेक धागा घेऊन बाकीचं आठवतंय का. १९८६ साली त्याने ते छापलं. "काय झालं" या धाग्यावरून बरंच सापडायचं, पण नुसत्या तारखेवरून जवळपास काहीच नाही. थोडक्यात डोक्यात तारखेचा कप्पाच धड नाहीये, आणि ही डायरी नेमका तोच देते. आमच्या घरी दादा एका मोठ्या आजारपणाचा किस्सा सांगताना सगळं एकाच रात्री घडल्यासारखं सांगतो. डायरीत ते चार वेगवेगळ्या तारखांना आहे, मध्ये आठवडे गेलेत. दादा खोटं बोलत नाही हां, गोष्ट म्हणून तीच आवृत्ती छान बसते एवढंच.

दोष पण आहेत आणि पहिला मोठा आहे. आजचं लिहायला पान उघडलं की वरचे जुने कप्पे आधी वाचले जातात. गेल्या वर्षी याच दिवशी "खूप कंटाळा" लिहिलेलं दिसलं की आजचा दिवसही त्याच चष्म्यातून दिसायला लागतो. हे डिझाईन करणाऱ्याला सुचायला पाहिजे होतं, एक झाकणपट्टी दिली असती तर काय बिघडलं असतं? मी जाड कार्ड ठेवून वरचं झाकते, आधी लिहिते, मग वाचते.

तसंच आधी लिहा, मग घरच्यांशी चर्चा करा. क्रम महत्त्वाचा आहे. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर या आठवणींवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली होती. काहींना विचारलं गाड्या "आदळल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना त्याहून सौम्य शब्द वापरून. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्दवाल्या ५० पैकी ७. एका शब्दाने एवढं होतं तर "तुमचं त्या दिवशी भांडण कशावरून झालं?" या प्रश्नाने काय होईल, भांडण झालं हे तर प्रश्नातच ठरवून टाकलंय.

दुसरा दोष जागेचा. चार-पाच ओळी म्हणजे निवड करावीच लागते, आणि जे निवडलं तेच पुढे परत परत वाचलं जातं. काही गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या की त्यांच्या शेजारच्या, न उजळलेल्या गोष्टी आठवायला आणखी जड जातात असं १९९४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलंय. म्हणजे डायरीसुद्धा फसवू शकते. तिच्यात नाही म्हणजे घडलंच नाही असं धरून कुणाशी वाद घालायला जाऊ नका.

मग फोनमधले फोटो काय वाईट, असं विचाराल. वाईट नाहीत, पण फोटोत सगळे हसतातच. शिवाय २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी म्युझियममध्ये लोकांना फिरवून पाहिलं, तर ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. झूम करून एखादा भाग टिपला तर हा तोटा दिसला नाही, बहुतेक लक्ष द्यावं लागतं म्हणून.

बाकी किरकोळ. कागद पातळ, जेल पेनची शाई मागे उमटते, बॉलपेन वापरा. बांधणी मजबूत आहे. रिबिन एकच दिलीये, दोन हव्या होत्या. २९ फेब्रुवारीचं पान पाच वर्षांत एकदा, फार तर दोनदा भरतं, ती जागा मी फोन नंबर लिहायला वापरते.

काय लिहायचं याचा गोंधळ असेल तर भावना नंतर, आधी कोण होतं, कुठे होतो, कोण नेमकं काय बोललं एवढं लिहा, आणि त्याच रात्री लिहा. आठवडाभराचं रविवारी बसून भरणार असाल तर ही डायरी घेऊ नका, साधी वही पुरे. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक त्या झाकणपट्टीसाठी कापला.