पझलची फ्रेम: एक पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या साफसफाईसाठी हॉलमधली पझलची फ्रेम खाली उतरवली आणि मे महिन्यापासून भेटेल त्याला ठासून सांगत आलेलं माझं मत, की पझलला ग्लू वरूनच लावावा, बदललं. १००० तुकड्यांचा जगाचा नकाशा, ७० बाय ५० सेंटिमीटर. लेकीने आणि मी मिळून पुरा केला, वरून पझल ग्लू लावला आणि स्टेशनजवळच्या दुकानातून काचेची फ्रेम करून आणली. आता पाहते तर पॅसिफिक महासागरावर काचेच्या आतल्या बाजूने ओलसर, काळपट चट्टे. मागचे खिळे काढून काच उचलायला गेले, तर नकाशाही तिच्याबरोबर वर आला. जपून सोडवतानासुद्धा न्यूझीलंडचा छापील कागद काचेला चिकटून निघाला आणि खालचा राखाडी पुठ्ठा उघडा पडला.

कारण एकच: काच आणि पझल यांच्यामध्ये फट ठेवलेली नव्हती. पझल ग्लू म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा आपला पांढरा गोंदच असतो. वाळला की पारदर्शक आणि कडक होतो, पण उकाड्यात आणि दमट हवेत मऊ पडतो. त्यावर काच दाबून बसवली आणि ती फ्रेम डोंबिवलीच्या पावसात बाहेरच्या भिंतीवर राहिली, तर दुसरं काय होणार?

दुकानात घेऊन गेले. मालक म्हणाले, "ताई, सगळ्या फोटोंना आम्ही अशीच काच लावतो." अहो, पण फोटोवर गोंदाचा थर नसतो! फ्रेम टाकताना मी स्वतः मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगितलं होतं. त्यावर उत्तर आलं की फ्रेमच्या पट्टीची खाच, जिच्यात काच आणि चित्र बसतं ती, उथळ होती, मावलं नसतं. मग हे तेव्हाच सांगायचं ना? हिशोब सोपा आहे: काच २ मिलिमीटर, फट ३, पझल २, मागचा हार्डबोर्ड ३. म्हणजे खाच निदान १० मिलिमीटर खोल हवी. पैसे परत मिळाले नाहीत, नवा हार्डबोर्ड फुकट लावून देतो म्हणाले. हार्डबोर्डचं काही बिघडलंच नव्हतं.

दुसऱ्या कारागिराकडे गेले. त्यांनी खोल खाचेची पट्टी काढली आणि काचेच्या कडेने आतून बारीक लाकडी पट्ट्या बसवल्या. पट्ट्या नको असतील तर जाड माउंटही चालतो, मात्र तो पझलच्या कडेवर थोडा चढतो आणि बाहेरच्या तुकड्यांचा काठ झाकला जातो. नकाशाच्या चौकटीवरची अक्षरं मला दिसायला हवी होती, म्हणून पट्ट्या. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घेतले, त्यामुळे भिंतीशी हवा खेळती राहते. माप मात्र खोक्यावरचं देऊ नका. पझल चिकटवून वाळल्यावर टेपने मोजा, थोडा फरक पडतो.

ग्लूबद्दल थोडक्यात. महागड्या बाटलीची गरज नाही, फेविकॉलने तेच काम होतं आणि एका डब्यात कितीतरी पझलं निघतात. त्यात पाणी घालू नका, पुठ्ठा फुगतो. खाली बटर पेपर अंथरा आणि जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर ओढा. फक्त वरून लावलं की गोंद वाळताना आकसतो आणि पझलला पुढच्या बाजूने बाक येतो. मागूनही एक हात दिला आणि वर पुस्तकांचं वजन ठेवलं की सरळ राहतं.

मेमध्ये मी सांगत होते की ग्लू वरूनच लावा, रंग काय खुलतात! रंग खुलतात हे आजही खरं आहे. पण त्यानंतरचं ५०० तुकड्यांचं पझल मी फक्त मागून चिकटवलं. दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून उलटं केलं आणि पाठीवर गोंद लावला. पुढचा कागद कोरा राहिला, ट्यूबलाइटची चमक येत नाही आणि काचेला चिकटायला तिथे काही उरतच नाही. आता मी हेच सुचवते.

काच की ॲक्रिलिक? या मापाची २ मिलिमीटरची काच पावणेदोन किलोच्या आसपास भरते, तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक साधारण निम्म्या वजनाचं. पण कोरड्या फडक्याने पुसलं की ॲक्रिलिक धूळ ओढतं आणि त्यावर चरे पडतात. भिंतीत स्क्रू पक्का बसत असेल तर मी काचच घेईन.

तयार पझल फ्रेम ऑनलाइन मिळतात, त्यांतल्या बऱ्याच फ्रेममध्ये पुढची शीट थेट तुकड्यांवर बसते. न चिकटवलेल्या पझलला ते सोयीचं आहे, कारण शीटच तुकडे दाबून धरते. वरून ग्लू लावलेलं पझल मात्र त्यात घालू नका, निदान आपल्या कोकणपट्टीच्या हवेत तरी नाहीच.